बास्केटबॉलची व्हीलचेअर : हंगामभर वापरल्यानंतर

मापावर बनवून घेतलेली ही खुर्ची. अ‍ॅल्युमिनियमची वेल्ड केलेली, न दुमडणारी फ्रेम, मागे 25 इंची चाकं, 18 अंशांचा कॅम्बर (चाकांचा तिरकेपणा), पुढे 3 इंची कॅस्टर (गोल फिरणारी छोटी चाकं) आणि पाठीमागे उलटू न देणारं छोटं चाक. हंगाम संपेपर्यंत रोजच्या सरावात वापरल्यावर मत पक्कं झालंय: खुर्ची उत्तम आहे, पण ती उत्तम राहते ती मापं सांभाळली तरच. वजन किती, फ्रेम कुठल्या धातूची, ही चौकशी सगळेच करतात. मागच्या चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून सारखं आहे का, हे मात्र फार थोडे जण मोजतात आणि खांद्यांची वाट तिथेच लागते.

आधी कॅम्बरबद्दल. चाकं वरून आत आणि खालून बाहेर झुकलेली असल्यामुळे खुर्ची जागच्या जागी वळते, बाजूने धडक बसली तरी सहज आडवी होत नाही, आणि दोन खुर्च्या भिडल्या की पहिला मार टायरच्या खालच्या भागाला बसतो, बोटं वाचतात. बदल्यात रुंदी वाढते. 18 अंशांवर प्रत्येक चाकाचा तळ माथ्यापेक्षा सुमारे 19 सेंमी बाहेर येतो. साध्या दारातून ही खुर्ची बहुतेकदा जात नाही. एक्सलचं बटण दाबून चाकं काढायची आणि मग फ्रेम न्यायची, एवढं गृहीत धरूनच ती घ्यावी. रोजच्या वापराच्या खुर्चीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता मुख्य मुद्दा, टो. दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, फाकलेली असली तर टो-आउट. दोन्ही बाजूंचा दोष सारखा असेल तर खुर्ची सरळच जाते, कुठेही ओढत नाही, म्हणून शंका येत नाही. फक्त प्रत्येक धक्क्यानंतर ती लवकर थांबते, टायर घासत चालतो आणि तेवढंच अंतर कापायला हात जास्त वेळा मारावे लागतात. टायरची एकच कड लवकर झिजली किंवा रबराचा भुगा पडू लागला, तर आधी टो तपासा.

मोजायला मीटर टेप आणि मदतीला एक माणूस पुरे. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा, सपाट फरशीवर या आणि खेळाडू पट्टे लावून खुर्चीत बसलेला असू द्या, कारण वजन पडलं की फ्रेम थोडी बसते. एक्सलच्या उंचीवर, रिमच्या पुढच्या कडांमधलं अंतर घ्या, मग त्याच उंचीवर मागच्या कडांमधलं. दोन्ही आकडे सारखे हवेत. 2-3 मिमीचा फरकही हाताला जाणवतो. फरक असेल तर कॅम्बर ट्यूबचे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जिच्यात बसतात त्या आडव्या नळीचे, क्लॅम्प बोल्ट अ‍ॅलन कीने सैल करा, ट्यूब किंचित फिरवा, बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे कसा आणि पुन्हा मोजा. हात अगदी हलका ठेवायचा: या कॅम्बरवर ट्यूब एक अंश फिरली तरी पुढच्या-मागच्या अंतरात सुमारे 6 मिमी फरक पडतो.

बिघाड बहुधा पुढून सुरू होतो. कॅस्टर झिजून लहान झाले की फ्रेमचं नाक खाली जातं, तिच्याबरोबर ट्यूब फिरते आणि टो-इन येतो. मोठे कॅस्टर बसवले तर उलट, टो-आउट. म्हणून कॅस्टर नेहमी जोडीने आणि त्याच व्यासाचे बदलावेत, आणि बदलल्यावर लगेच टो मोजावा. त्यांची बेअरिंग 608 मापाची, म्हणजे स्केटच्या चाकांत असतात तीच. ती खराब होण्यामागे बहुतेक वेळा केस आणि धागे असतात. एक्सलभोवती गुंडाळत जाऊन ते सील फाडतात. आठवड्यातून एकदा बोल्ट काढून चिमट्याने ते ओढून काढायचे, एवढं पुरतं. वरून तेल मारू नका, त्याने धूळ चिकटते आणि आतलं ग्रीस धुऊन निघतं.

बसण्याची मापं पहिल्यांदाच नीट घेतली तर नंतर डोकेदुखी नाही. सीट मांड्यांना बेताची घट्ट हवी. मोकळी जागा राहिली की कमरेची हालचाल खुर्चीपर्यंत पोचत नाही, मधेच जिरते. हात पुश रिमच्या (चाक ढकलायच्या कडीच्या) माथ्यावर असताना कोपराचा कोन 100 ते 120 अंश यावा. धडावर ताबा कमी असेल तर सीट मागे उतरती ठेवतात, त्याने तोल सुधारतो, पण उंची जाते आणि माकडहाडाजवळ दाब वाढतो. गुणांकनात (हालचालीच्या क्षमतेनुसार खेळाडूला मिळणारे गुण, क्षमता जास्त तर गुण जास्त) 3.0 पर्यंतच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय नियमानुसार उशीसकट 63 सेंमी उंची चालते, 3.5 पासून पुढे 58 सेंमी. उशी बदलली की उंची पुन्हा मोजा.

पट्ट्यांबाबत मी आग्रही आहे. कमरेचा पट्टा साधारण 45 अंशांत मागे-खाली ओढणारा हवा. पोटावर आडवा बसला तर तो श्वास अडवतो आणि माणूस खाली घसरतो. रॅचेट बक्कल पट्टा घट्ट धरतं, पण दात झिजले की ऐन धडकेत सुटतं, म्हणून एक जादा जवळ ठेवा. जिथे स्पर्श कळत नाही तिथे पट्ट्याखाली कपड्याची चुणी राहू देऊ नका. खेळानंतर आरशात त्वचा बघा. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. पाठीच्या कण्याची दुखापत सहाव्या छातीच्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर अतिघट्ट पट्ट्यानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकणं, दुखापतीच्या वर घाम येणं, चेहरा लाल होणं ही खूण. खेळ थांबवा, सगळे पट्टे सोडा, ताठ बसवा, लघवीची नळी दुमडली आहे का पाहा आणि त्रास उतरत नसेल तर तातडीने डॉक्टरांना बोलवा.

टायरमध्ये हवा बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याजवळ ठेवा, सरावाआधी दर वेळी. स्पोक बोटांनी वाजवून पाहा, ढिला असला तर आवाज बोदा येतो.

तक्रार एकच. पुढच्या बंपरच्या वेल्डजवळ रंग उडाला आहे. तिथे नख फिरवून पाहत राहायचं. बारीक रेघ नखाला अडकली तर ती भेग समजून खुर्ची बाजूला काढायची आणि अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग नीट येणाऱ्याकडेच द्यायची. ऑर्डर देताना बंपर बोल्टने बसवलेला मिळतो का, हे विचारून घ्या.