इंडेक्स फंडात रिटायरमेंटचे पैसे: 26 महिन्यांनंतरचा अनुभव

दोन वर्षं आणि वर दोन महिने झाले, दर महिन्याच्या 5 तारखेला पगारातला ठरलेला हिस्सा आपोआप इंडेक्स फंडात (म्हणजे बाजाराच्या निर्देशांकात जे शेअर आहेत तेच त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) जातोय, तर म्हटलं आता लिहायला हरकत नाही. रिटर्न किती मिळाले ते मात्र लिहिणार नाहीये, कारण 26 महिन्यांच्या रिटर्नवरून असल्या फंडाबद्दल काहीच कळत नाही, बाजार चढता असला की कुठलाही फंड चांगलाच दिसतो. माझं वय 41, पैसे लागणार ते साठीनंतर. एवढ्या काळात खरं कळतं ते दोनच गोष्टींचं, खर्चात किती जातं आणि मधेच पैशाला हात लावायचा मोह आवरतो का.

आधी खर्चाचं. याआधी 9 वर्षं माझे पैसे एका ॲक्टिव्ह फंडात होते (म्हणजे कुठले शेअर घ्यायचे ते मॅनेजर ठरवतो असा फंड), ओळखीतल्या कुणीतरी सुचवला म्हणून घेतलेला. त्याचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा वर्षाचा खर्च, दीड टक्का आहे हे मला आठव्या वर्षी कळलं. लपवलेलं नव्हतं, माहितीपत्रकात छापलेलंच होतं, पण हे पैसे वेगळे कापून घेत नाहीत ना, रोजच्या रोज फंडातूनच थोडे थोडे वजा होतात आणि उरलेल्यावर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची (हिश्शाची) किंमत, काढतात, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये फी अशी ओळच दिसत नाही. आणि दीड टक्का ऐकायलाही किरकोळ वाटतो. मग एका रविवारी एक्सेल उघडून बसले. दर महिन्याला 100 भरले, 30 वर्षं, खर्च जायच्या आधी वर्षाला 7 टक्के वाढ धरली (हिशोबापुरता आकडा, याची गॅरंटी कुणी देत नाही). खर्च 0.1 टक्का असेल तर शेवटी साधारण 1,19,600 होतात, दीड टक्का असेल तर 91,400. भरले दोन्हीकडे 36,000च. तो 28,000 चा फरक बघून मी सगळे फॉर्म्युले परत तपासले, चूक नव्हती. त्या दिवशी खरंच खूप वाईट वाटलं, कारण 9 वर्षांत एकदाही हा प्रश्न विचारावा असं मला सुचलं नव्हतं.

फंड मॅनेजर जास्त कमावून देतो म्हणून जास्त घेतो, हे मलाही पटायचं. पण बाजारातले सगळे शेअर कुणा ना कुणाकडे असतातच, एकाने बाजारापेक्षा जास्त कमावलं की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला तेवढं कमी येणार, खर्च मात्र दोघांचाही जाणार. बाजारावर मात करणारे मॅनेजर असतात, नाही असं नाही, पण पुढची 20 वर्षं कोण करेल हे आज ओळखणं मला तरी जमणारं नाही. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीने 1976 मध्ये सामान्य माणसांसाठीचा पहिला इंडेक्स फंड आणला तेव्हा 15 कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले जेमतेम 1 कोटी 13 लाख, लोकांनी त्याला बोगलचा वेडेपणा म्हटलं. ते तरीही मागे हटले नाहीत, याबद्दल मला त्या माणसाविषयी मनापासून आदर आहे.

आता मोहाचं. मधे सलग चार महिने ॲपमध्ये आकडा लाल होता, म्हणजे भरले त्यापेक्षाही कमी. एका रात्री झोप येईना म्हणून ॲप उघडलं आणि हप्ता थांबवायच्या बटणापर्यंत गेले, तेवढ्यात खालची युनिटची ओळ दिसली. आधी 100 ला 2 युनिट मिळायचे, आता अडीच मिळत होते. विकायचंय अजून 20 वर्षांनी, मग स्वस्तात मिळतंय तेव्हाच घेणं का थांबवायचं? फोन बाजूला ठेवला. हे लिहायला सोपं आहे, त्या रात्री सोपं नव्हतं.

2020 मध्ये एस अँड पी 500 हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स महिन्याभरात 34 टक्के पडला आणि ऑगस्टपर्यंत भरूनही निघाला, हे उदाहरण सगळे देतात. पण 2007 ते 2009 मध्ये तोच इंडेक्स निम्म्याहून खाली गेला होता आणि जुनी पातळी परत यायला 2013 उजाडलं. जपानचा निक्केई तर 1989 च्या शेवटी जिथे होता तिथे 2024 मध्ये परत पोचला, 34 वर्षं! डिव्हिडंड आणि दर महिन्याची खरेदी धरली तर चित्र इतकं वाईट नाही, तरी एकाच देशाच्या इंडेक्सवर अख्खं म्हातारपण टाकू नये असं माझं ठाम मत आहे. माझा मोठा हिस्सा जगभरच्या शेअरच्या इंडेक्समध्ये आहे आणि 25 टक्के बॉन्डमध्ये (म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने दिलेल्या पैशात), पन्नाशीनंतर बॉन्ड वाढवत नेणार, कारण रिटायर झाल्याझाल्या मोठी पडझड झाली आणि त्यातूनच घरखर्चाला पैसे काढावे लागले तर ते भरून यायला वेळच उरत नाही.

तक्रारी पण आहेत. पहिला इंडेक्स फंड निवडताना मी फक्त एक्स्पेन्स रेशो बघितला, तो कमी होता, पण वर्षाअखेरीला फंड इंडेक्सच्या मागे राहिला तो रेशोच्या तिप्पट. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात त्याला, घेण्याआधी मागच्या काही वर्षांचा नक्की बघा. दुसरं, एकदा ऑटो डेबिट फेल झालं आणि बँकेने मेसेजसुद्धा पाठवला नाही, मला तीन आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून 7 तारखेला हप्ता गेला की नाही एवढं बघते आणि ॲप बंद करते, बाकीचे सगळे नोटिफिकेशन बंद.

पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे यात अजिबात टाकू नका, क्रेडिट कार्डचं कर्ज असेल तर आधी ते फेडा, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मी तरी सुरुवात केली नसती, कारण त्या चार लाल महिन्यांतच घरात एक मोठा खर्च निघाला होता, तो त्या बाजूच्या पैशातून गेला म्हणून युनिट विकावे लागले नाहीत.

पगार वाढला तसा या महिन्यापासून हप्ता 10 टक्क्यांनी वाढवलाय. फंड तेच, तारीख तीच.