ट्रेक एमोंडा आणि डोमानी: न चालवता घ्यायची, तर '५४' वर किती भरवसा ठेवायचा?

रोड बाइक घेताना अडचण ठरलेली. मॉडेल पसंत पडतं, पण आपल्या साइझची दुकानात उभी नसते. आधी पैसे भरा, मग मागवू म्हणतात. सेकंडहँड घ्यावी, तर सायकल बेंगळुरूत आणि आपण नाशकात. मग हातात उरतो तो कंपनीचा जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा तक्ता. तो वाचता आला तर पुरेसा आहे. नुसतं लेबल वाचून मात्र घेऊ नका.

पूर्वी टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) आडवी असायची, तेव्हा सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) लांबी हाच साइझ. आता टॉप ट्यूब मागे उतरती असते, त्यामुळे ट्रेक कंपनीच्या '५४' साइझच्या फ्रेमची सीट ट्यूब मोजली तर ५० सेंटिमीटरच्या आसपास भरते. विकणाऱ्याने फसवलं असं वाटून बरेचजण इथेच सौदा मोडतात. फसवलेलं नसतं, ५४ हे आता फक्त नाव आहे. २०२४ मध्ये ट्रेकच्या एमोंडा या रोड बाइकची जागा घेणाऱ्या नव्या मॅडोनवर तर आकडेच गेले, तिथे एक्सएस ते एक्सएल असे सहा साइझ आहेत.

बघायचे ते दोनच आकडे. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या सांध्याच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची आणि रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. २०२१ पासूनच्या एमोंडाचा ५४: स्टॅक ५४१, रीच ३८४ मिलिमीटर. ट्रेकच्याच डोमानी या रोड बाइकचा ५४: स्टॅक ५७५, रीच ३७४. कंपनी एक, आकडा एक, पण डोमानीचं तोंड ३४ मिलिमीटर वर. एमोंडाच्या ५६ चा स्टॅकसुद्धा ५६३ च आहे, म्हणजे डोमानीचा ५४ त्याच्याहूनही उंच. टॉप ट्यूबची तक्त्यातली लांबी मात्र दोन्ही ५४ मध्ये जवळपास सारखी. नुसती टॉप ट्यूब जुळवून सायकल घेणारे फसतात ते इथे.

आता यातली गंमत. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, त्यामुळे स्टेमखाली (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी कडी घातली की हँडलबार वर जातो तसा थोडा मागेही येतो. ७३ अंशांच्या कोनात १० मिलिमीटर वर गेलं की साधारण ३ मिलिमीटर मागे. एमोंडा ५४ वर ३४ मिलिमीटर उंची चढवली, तर रीच दहाने घटून ३७४ होतो. बरोब्बर डोमानी! म्हणजे माणूस एकच, फक्त डोमानीवर स्पेसर न घालता बसेल आणि एमोंडावर साडेतीन सेंटिमीटर घालून. पण कार्बन स्टीअररवर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी, स्टेम तिलाच बसतो) किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते आणि साडेतीन सेंटिमीटर म्हणजे बहुधा तिच्या काठावरच. वर चढवायला पुढे जागा उरत नाही.

मग आपल्याला किती उंची हवी? त्यासाठी आधी इनसीम, म्हणजे पायाची आतली लांबी. पँटच्या लेबलवरची नव्हे, ती हमखास काही सेंटिमीटर कमी असते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पावलांत १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कणा वर करून, भिंतीला काटकोनात धरून जांघेत घट्ट दाबायचं. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा. दुसऱ्याकडून खूण करून घ्यायची आणि तीनदा मोजायचं. इनसीम गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र जुनं आहे, पण सुरुवातीला चालतं.

उंची १७२ सेंटिमीटर असलेले दोघे घ्या. एकाचा इनसीम ७८, दुसऱ्याचा ८३. सीट एकाची ६८.९ वर, दुसऱ्याची ७३.३ वर. नुसती उंची बघून सांगणारा तक्ता दोघांनाही एकच साइझ देईल. लांब पायांच्या दुसऱ्याचं धड आखूड, त्यात त्याचा हँडलबार सीटच्या मानाने साडेचार सेंटिमीटर जास्त खाली. त्याने डोमानी घ्यावी. एमोंडावर पाठ आणि मान दोन्ही बोलतील. पहिल्याला एमोंडा छान बसेल.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे अंगाला बसलेली एखादी रोड बाइक मोजणे, मित्राची असली तरी चालेल. टायरमध्ये हवा पूर्ण भरून, सपाट फरशीवर, मागचं चाक भिंतीला टेकवून ती सरळ उभी धरा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटचा मध्य आणि हेड ट्यूबच्या माथ्याचा मध्य मोजा. फरक म्हणजे रीच. दोन्हींच्या फरशीपासूनच्या उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. स्टेमची लांबी आणि खालचे स्पेसरही टिपून ठेवा, नाहीतर तुलना अर्धवट.

दोन साइझच्या मधे अडकलात तर 'छोटा घ्या' हा सल्ला डोळे मिटून मानू नका. मोठ्या फ्रेमवर हँडलबार हेड ट्यूबच्या खाली नेता येत नाही. छोट्यावर स्पेसर संपतात. रीच एखाद सेंटिमीटर चुकला तर स्टेम बदलून भागतं, पण एकसंध बार-स्टेम (हँडलबार आणि स्टेम मिळून एकच तुकडा) असलेल्या मॉडेलवर तेही महागात पडतं. रीच कमी करायला सीट पुढे सरकवणं तर चूकच. तिची जागा गुडघ्यावरून ठरते.

कार्बन एमोंडाला साधा सीटपोस्ट (सीटचा वरखाली होणारा दांडा) नाही, फ्रेमचाच वर आलेला सीटमास्ट आहे आणि त्यावर टोपीसारखा तुकडा बसतो, आखूड आणि लांब अशा दोन प्रकारांत. तक्त्यात सीटच्या रेलची (सीटखालच्या दोन दांड्यांची) किमान-कमाल उंची वेगळी दिलेली असते, ती आपल्या आकड्याशी ताडून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या एमोंडाला ही कटकट नाही.

आणि सेकंडहँड एमोंडा असेल, तर विकणाऱ्याकडून स्टेमचा बाजूने काढलेला जवळचा फोटो मागवा. आधीच्या मालकाने हँडलबार खाली घेण्यासाठी स्टीअरर कापलेला असेल, तर वरचा ३४ मिलिमीटरचा सगळा हिशेब बाद. कापलेली नळी परत वाढत नाही, आणि नवा फोर्क घ्यायचा तर स्वस्तात मिळालेली सायकल स्वस्त राहत नाही.