१९९५ ची मियाटा: डीलरकडे जा, पण पार्ट्सच्या खिडकीवर

आधीच सांगतो, गाडीबद्दल माझी तक्रार नाही. माझदाची दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स गाडी मियाटा, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर इंजिन, पाच गिअर, वर येणारे हेडलाइट. बाकीची माहिती इथे वाचणाऱ्यांना पाठ असेल, ती उगाळत नाही. न्यू जर्सीत वसंत ऋतूपासून वापरतोय आणि चालवायला ही गाडी अजूनही लाजवाब आहे. लिहायला बसलोय ते तेलगळतीमुळे.

गाडी रात्री उभी केली की सकाळी खाली तेलाचे थेंब. पुढे नाही, इंजिनच्या मागच्या टोकाला, जिथे गिअरबॉक्स जोडलेला असतो तिथे. तीस वर्षांची गाडी म्हणून म्हटलं कंपनीच्या डीलरकडेच दाखवावी. तिथल्या तरुण मेकॅनिकने आधी डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायची जागा शोधली. ती या गाडीत नसतेच. ओबीडी-टू, म्हणजे स्कॅनर लावून गाडीचे दोष वाचायची ठरलेली पद्धत, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या मियाटात बॉनेटखाली एक छोटी डबी असते, तिच्या दोन टोकांत वायरचा तुकडा अडकवायचा आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मी सांगितलं, त्याने मान डोलावली. थोड्या वेळाने सर्व्हिस ॲडव्हायझर कागद घेऊन आला: रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं तेल अडवणारं सील) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आकडा दोन हजार डॉलरच्या घरात.

मजुरी जास्त का, हे मला कळतं. मियाटात गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते, तीही सोडवावी लागते, त्यात वेळ जातो. पण इंजिनच्या वरच्या अंगाला, हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागे, कुणी टॉर्च मारून पाहिलंसुद्धा नव्हतं. खाली तेल दिसलं आणि खालचं सील लिहून मोकळे. गिऱ्हाइकाचा पैसा इतका स्वस्त वाटतो का यांना? निदान करायचे वेगळे पैसे घेतले होते, ते वर. गाडी घेऊन घरी आलो.

या मॉडेलमध्ये हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) जवळजवळ चिकटून, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो; कॅमशाफ्ट कुठे फिरलाय हे तो इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो हेडमध्ये जिथे शिरतो तिथे एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजून ती कडक होते आणि तेल सोडते. ते तेल हेडच्या मागून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या तोंडापाशी येतं, म्हणजे रिअर मेन सील गळल्यावर जिथे दिसेल तिथेच. जुन्या मियाटावाल्यांमध्ये हा दोष सर्वांना ठाऊक आहे. ओळखायला छोटा आरसा आणि टॉर्च पुरे: मागची बाजू डिग्रीझरने स्वच्छ करायची, गाडी थोडी फिरवून आणायची आणि आरशात बघायचं. वर ओलं असेल तर दोष वरचा, तिथे सेन्सरबरोबर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही तपासायचं. वर कोरडं आणि खाली ओलं असेल तरच सीलचा संशय. माझ्या गाडीत सेन्सरखाली चकचकीत ओला पट्टा होता, आणि ते तेल हीटरच्या होजवरही उतरत होतं. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण तेलाने होजचं रबर फुगून मऊ पडतं.

आता ओ-रिंग आणायची होती. त्याच डीलरकडे परत जायची इच्छा नव्हती, पण दुसरा बराच लांब. गेलो, आणि या वेळी सर्व्हिसच्या टेबलावर न थांबता पार्ट्सच्या खिडकीवर गेलो. तिथे एक वयस्कर गृहस्थ बसतात. मी फक्त "पंच्याण्णवची मियाटा, तेल मागून" एवढंच म्हटलं, तर ते म्हणाले, "कॅम सेन्सरची रिंग हवी असेल." चासी नंबर घेतला, कॉम्प्युटरवर आकृती काढून माझ्याकडे स्क्रीन वळवली, कोणता भाग कुठे बसतो ते दाखवलं. नाना पेठेतले जुने स्पेअर पार्ट्सवाले गिऱ्हाइकाचं अर्धं वाक्य ऐकून बरोबर डबा काढतात, तसा माणूस. रिंगची किंमत दोन-चार डॉलर. दुसऱ्या दिवशी आली.

बदलण्याचं काम अवघड नाही, अडचणीचं आहे. सेन्सरला एकच बोल्ट, १२ चा पाना, पण हात शिरत नाही. कॉईल पॅक (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) बाजूला केला की जरा जागा होते. काढण्याआधी सेन्सर आणि हेड या दोघांवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढायची, कारण सेन्सर किंचित फिरला तरी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं. जुनी रिंग निघाली ती चपटी झालेली, नखाने दाबली तर वाकली नाही, तुटली. नवी रिंग तेल लावून बसवली, रेघेला रेघ जुळवली. नंतर बॉनेटखालच्या त्याच डबीत टेन आणि ग्राउंड ही दोन टोकं जोडून टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारला, पुलीवरची खूण १० अंशांवर आणली. तेव्हापासून जमीन कोरडी आहे. दोन हजार डॉलरचं काम आणि ही रिंग, यातला फरक अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवातीला मी ओळखीच्यांना सांगत होतो, जुन्या गाडीसाठी डीलरचं तोंड पाहू नका. ते मत आता बदललंय. त्या खिडकीवर मी नंतर बऱ्याच वेळा गेलो: थर्मोस्टॅट, होज, दाराचं रबर. काही भाग जपानहून यायला वेळ लागला, पण आले. जपानमध्ये माझदाने या पहिल्या पिढीच्या गाड्या कारखान्यात पूर्ण नव्यासारख्या करून देण्याचं काम सुरू केलं. कापडी छत, नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग आणि ब्रिजस्टोनचे मूळच्या धाटणीचे १४ इंची टायरसुद्धा त्यासाठी पुन्हा बनवले गेले. पुढे त्यातले भाग अमेरिकेतही मिळू लागले. तीस वर्षं जुन्या, स्वस्त म्हणून विकलेल्या गाडीसाठी कोणी एवढं करतं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. इंजिनच्या भागांची तर चिंताच नको, कारण हेच इंजिन (बीपी नावाचं) त्या काळच्या माझदाच्याच प्रोटेजेत आणि फोर्ड एस्कॉर्ट जीटीतही होतं. खरी टंचाई आतल्या प्लास्टिकची. रंगाला रंग जुळणारा तुकडा हवा असेल तर भंगारात काढलेली गाडी शोधावी लागते.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी डिकीत असते आणि तिचा वायू बाहेर सोडायला नळी लागते, त्यामुळे दुकानातली कुठलीही उचलून चालत नाही. छताचं पाणी वाहून जायची भोकं सीटच्या मागे असतात, ती तुंबली की पाणी कडेच्या पट्टीत साठून पत्रा आतून सडतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, म्हणून गाडी घेताना मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा बोटांनी दाबून बघाच. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तपकिरी झाली असेल तर फुटायची वाट बघू नका.

टायमिंग बेल्ट मी घरी करणार नाही. कंपनीने ६०,००० मैल सांगितलेत. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते, म्हणून घाई नाही. पण बेल्टसोबत वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलं एकदमच करून घेणार. सगळे भाग त्याच खिडकीवरून घेतलेत, काम मात्र गावातल्या एका छोट्या गॅरेजला दिलंय. आधी इतर ठिकाणीही फोन केले होते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: टायमिंग लाइट आहे का? बहुतेकांनी "ते कशाला?" असं विचारलं. या गॅरेजवाल्याने उलट मलाच विचारलं, सेन्सरची रिंग कधी बदललीय.