नाशिकची शेनिन ब्लाँ: वाइन चांगली, दुकानातलं ऊन वाईट

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, नियमित येते आहे. कोणत्या वायनरीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार वाइन करणाऱ्यांबद्दल नाहीच. मे महिन्यात घेतलेल्या एका बाटलीने माझं डोकं फिरवलं, आणि त्या बाटलीचं जे काही झालं ते दुकानात झालं.

आधी वाइनबद्दल. हजाराच्या आत मिळणारी 750 मिलिची बाटली, फिरवून उघडायचं झाकण. बाकी तपशील लेबलवर असतातच. पहिल्या बाटलीनंतर माझं मत काही फार चांगलं नव्हतं, गोडसर वाटली. आपल्याकडची शेनिन बऱ्याचदा थोडी साखर शिल्लक ठेवून करतात, आणि मला सोव्हिन्योँ ब्लाँ या दुसऱ्या व्हाइट वाइनच्या करकरीत आंबटपणाची सवय. नुसती घेऊन बसलं की दुसऱ्या ग्लासाला कंटाळा यायचा.

मग एका रविवारी अळूवडीबरोबर घेतली आणि मत बदललं. चिंच-गूळ, तिखट, वरून तेल. वाइनमधला गोडवा तिखटाची धार कमी करतो आणि तिचा आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतो. सोव्हिन्योँ इतकी छान जमली नव्हती. तेव्हापासून कोथिंबीरवडी, रवा लावून तळलेली सुरमई, सुक्या खोबऱ्याची चटणी घातलेलं काहीही, सगळ्याबरोबर हीच. ठेच्यापुढे मात्र हिचाही निभाव लागत नाही.

आणखी एक. फ्रीजमधून काढून लगेच ओतली तर वासच येत नाही, नुसतं गार आंबट पाणी. पाव तास बाहेर ठेवा. मग पेरू, अननस, लिंबाची साल असं एकेक उलगडत जातं. बर्फ घालू नका. फार उकडत असेल तर बिनबियांची द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवून दोन-चार ग्लासात टाका. वाइन गार राहते आणि पातळही होत नाही.

आता मे महिन्याची गोष्ट. बाटली उघडली तर रंग गडद पिवळा, वास शिजलेल्या सफरचंदाचा, चव बसलेली. झाकणाखाली चिकट ओघळ सुकलेला होता. वाइन तापली की फुगते, झाकणापाशी वाट मिळाली की बाहेर येते, आणि त्याच वाटेने हवा आत शिरते. बाटली घेऊन तडक दुकानात गेले. दुकानाची दर्शनी काच पश्चिमेला, आणि सगळ्या व्हाइट वाइन त्याच काचेत ओळीने मांडलेल्या, का तर सोनेरी रंग उन्हात छान दिसतो! पुण्याचं मे महिन्याचं ऊन दुपारी दोनपासून थेट त्यांच्यावर.

दुकानदार म्हणाला, “ताई, वाइन कधी खराब होते का? जितकी जुनी तितकी चांगली.”

मी लेबलवरचं साल दाखवलं. बाटली दोन वर्षांपूर्वीची. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे ही वाइन तयार झाल्यावर उन्हाळे पाहूनच माझ्याकडे आली होती. मुरवत ठेवायच्या वाइन वेगळ्या असतात. या किमतीची शेनिन ताजी असतानाच प्यायची, वर्षा-दोन वर्षांत. त्यात बाटलीची काच फिकट, म्हणजे उष्णतेबरोबर उजेडही आत. पैसे परत मिळाले नाहीत. “उघडलेली बाटली कशी घेऊ?” हे त्याचं उत्तर. न उघडता मला कळणार कसं होतं?

मला खरा राग आला तो पैशांपेक्षा वेगळ्या गोष्टीचा. नाशिकच्या उन्हात चांगली व्हाइट वाइन करणं सोपं नाही. पहाटेच्या गारव्यात द्राक्षं तोडायची, लगेच वायनरीत न्यायची, स्टीलच्या टाक्या बाहेरून गार ठेवून सावकाश आंबवायची, तेव्हा कुठे तो पेरूचा वास टिकतो. नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या वाइन 2000 साली बाजारात आल्या. त्याला पाव शतक झालं, आणि एवढ्या काळात नाशिकवाले हे सगळं शिकले. त्यांनी इतक्या जपून सांभाळलेली वाइन शेवटच्या टप्प्यात काचेमागे उकडून निघावी, हे मला सहन होत नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा वाद झाला. मला त्यातून एकच गोष्ट हवी होती, एसीतलं शेल्फ.

तेव्हापासून दुकान बदललं. नवीन दुकान तळघरात आहे, बाहेरून कळकट, पण आत गार. काचेतली बाटली घेतच नाही. “पेटीतली द्या” असं सांगते, साल बघते, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवते. चिकट लागलं तर परत. मार्च ते जून एका वेळी एकच बाटली, आणि तीही दुकानातून थेट घरी. भाजी आणायला जाताना गाडीच्या डिकीत ठेवत नाही.

काटकसरीचं एक सांगते, कारण आम्ही दोघंच पिणारी आणि रोज नाही. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, मग उतरते. कारण रिकाम्या जागेतली हवा. म्हणून 375 मिलिची फिरत्या झाकणाची एक रिकामी बाटली धुऊन ठेवली आहे. मोठी उघडली की पहिला ग्लास ओतायच्या आधीच निम्मी वाइन छोट्या बाटलीत भरायची, अगदी गळ्यापर्यंत, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये. आत हवाच नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यातही ती ताजी लागते. दुकानात छोटी बाटली घ्यायला गेलं तर ती निम्म्याहून जास्त किमतीला पडते. हिशेब करून बघा.

तरी तळाशी राहिलीच तर तिसऱ्यांत घालते. तेलावर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, तिसऱ्या, वरून अर्धी वाटी वाइन, झाकण. शिंपले उघडले की गॅस बंद. मीठ आधी घालू नका, तिसऱ्यांच्या पाण्यात पुरेसं असतं.