पॉवर सीट अडली: गॅरेजचा इलेक्ट्रिशियन की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीची ड्रायव्हर सीट, बटण दाबून मोटरवर सरकणारी, पार पुढे जाऊन अडकली. गाडी आदल्या दिवशी बायकोने चालवली होती. मी बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगखाली मावेनात. सर्व्हिस सेंटरला दाखवली, तर खालची अख्खी फ्रेम मोटरसकट बदला म्हणाले. मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सीटखालचा कनेक्टर सोडवला. एका पिनेवर हिरवट थर चढला होता. ओली छत्री मी रोज तिथेच सरकवायचो. पिना घासून एक टर्मिनल बदललं आणि सीट मागे आली.

म्हणून डोळे मिटून गॅरेजला जा, असं मात्र मी सांगणार नाही. बिघाड कुठे आहे त्यावर दुकान ठरवावं, आणि त्याचा बराचसा अंदाज घरीच येतो.

रात्री गाडीतला दिवा लावून सीटचं बटण दाबा. दिवा किंचित मंदावला किंवा खालून घरघर ऐकू आली, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. मग टॉर्च घेऊन रूळ बघा. नाणं, बाटलीचं झाकण, पोरांचं खेळणं, काहीही अडकलेलं असतं. रूळ मोकळे आहेत, मोटर फिरते आणि सीट ढिम्म, तर आतला गिअर किंवा केबल गेली असणार.

दिवाही मंदावत नाही, आवाजही नाही? मग सगळ्याच हालचाली बंद आहेत का ते पाहा. पुढे-मागे, पाठ, उंची यांना बहुधा वेगवेगळ्या मोटरी असतात. त्या सगळ्या एकाच दिवशी जळणं फार क्वचित. अशा वेळी आधी फ्यूज, मग कनेक्टर आणि अर्थिंग. सीट पुढे जाते पण मागे येत नाही, तर माझा पहिला संशय बटणावर. मोटर तीच असते, बटण फक्त विजेची दिशा उलटवतं. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. 30 च्या जागी 40 घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

फ्यूज, वायर, कनेक्टर, बटण एवढ्यापुरतं काम असेल तर मी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडेच जाईन. तो टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज असेल तर पेटणारा छोटा दिवा, लावून बिघडलेली वायर शोधत बसतो. सर्व्हिस सेंटरचा कल बहुतेक वेळा पार्ट बदलण्याकडे असतो. पण गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर एकही वायर कापू देऊ नका, क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. मेमरी सीट, म्हणजे ठरवलेली जागा लक्षात ठेवणारी सीट, असेल तरी कंपनीच बरी. तिथे मोटरीमागे मॉड्यूल, म्हणजे मोटरी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, असतो, त्याला स्कॅनर लागतो आणि काही गाड्यांत पार्ट बदलल्यावर सीटच्या जागा नव्याने शिकवाव्या लागतात.

एक गोष्ट जिवाची आहे. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे किंवा सीटबेल्टचे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही. सीट काढायची तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून किमान दहा मिनिटं थांबायला हवं. इलेक्ट्रिशियन हे न विचारताच करतो का, यावरून तो किती पाण्यात आहे ते कळतं. घाई करत असेल तर गाडी तिथून उचला.

जुन्या बाजारातून अख्खी सीट आणणं हा तिसरा मार्ग. कुर्ल्याला अशा सीटा मिळतात. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही, कारण ती अपघातातल्या गाडीची आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. साधी सीट असेल आणि कनेक्टर हुबेहूब जुळत असेल, तरच विचार करा.

कुठेही काम करा, बदललेला पार्ट मागून घ्या. सीट काढली असेल तर बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळून घ्या, आणि दुकानाच्या दारातच इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा विझतो ना, ते बघूनच पैसे द्या.