खाऱ्या पाण्याचा टँक: सात महिने वापरल्यावरचा अनुभव, आणि पहिला मासा आणायच्या आधीचे 46 दिवस

संक्रांतीला टँक भरला, आता ऑगस्ट चालू आहे, म्हणजे सात महिने झाले. तीन बाय दीड बाय दीड फुटाचा आहे, दगड आणि वाळू धरून दीडशे लिटर पाणी बसतं. राहायला पुण्यात वाकडला, सोसायटीला टँकरचं पाणी. हे आधीच सांगते कारण मला सगळ्यात जास्त दमवलं ते पाण्याने, माशांनी नाही.

घरात आरओ आहेच, तेच पाणी वापरू असं ठरवलं होतं. चाळीस लिटर साठवलं आणि मीठ टाकायच्या आधी सहज टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर 92! मग प्युरिफायरचं मॅन्युअल शोधून वाचलं. पाण्याला चव राहावी म्हणून त्यात थोडं बिनगाळलेलं पाणी परत मिसळतं, आणि वर आमच्या मशीनला तांब्याची कार्ट्रिज आहे. माणसांना चालतं, पण खाऱ्या टँकमधे तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना विष, आणि एकदा दगडात मुरलं की काढणं फार कठीण. ते सगळं पाणी झाडांना घातलं आणि वेगळं आरओ-डीआय युनिट घेतलं, आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढणारं. टँकरच्या पाण्याचं टीडीएस 640 येतं, आरओच्या मेम्ब्रेनमधून 14 होतं आणि शेवटच्या रेझिनमधून शून्य. रेझिन लवकर संपतं, हा खर्च कोणी सांगत नाही. एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया जातं, त्याने आम्ही फरशी पुसतो.

शेजारच्या काकूंनी विचारलं, तुम्ही हरिहरेश्वरला जाता ना मग कॅन भरून का नाही आणत? किनाऱ्याजवळच्या पाण्यात नदी-नाल्याचं काय काय येतं, पावसाळ्यात खारटपणाही उतरतो, म्हणून नाही. आणि घरचं मीठही नाही चालत, ते नुसतं सोडियम क्लोराइड, समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे बरंच असतं. समुद्री सॉल्ट मिक्सच लागतं, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, पण नुसत्या आरओ-डीआयच्या पाण्यावर शून्याला सेट करून सोडून देऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी केलेली असते, त्यामुळे समुद्राचं 35 खारटपणा (हजार भागांत 35 भाग क्षार) असलेलं पाणी ती दीडेकने जास्त दाखवते. मी 35 चं कॅलिब्रेशन सोल्युशन मागवलं, दोन थेंब काचेवर टाकले, खिडकीकडे धरून बघितलं तर निळ्या-पांढऱ्याची रेघ 36 च्या वर. स्क्रू फिरवून 35 वर आणली. दर महिन्याला तपासते.

दगड मी सिरॅमिकचेच घेतले. समुद्रातून काढलेला कोरलचा दगड कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका, कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायदा सोडला तरी ते तिथेच राहायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

आता सायकल, म्हणजे माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टँकमधे वाढवणं. एका दुकानात मला सांगितलं की बाटलीतले बॅक्टेरिया ओता आणि संध्याकाळी दोन डॅमसेल मासे सोडा, ते मजबूत असतात, त्यांच्यावर टँक तयार होतो. मजबूत म्हणजे मरत नाहीत एवढंच, अमोनियाने त्यांचे कल्ले जळतच असतात, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्याने तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक. शिवाय नंतर ते डॅमसेल नव्या माशांना मारतात आणि दगडातून पकडता येत नाहीत. मी सरळ गणेश पेठेतून मासळी घेताना एक कच्ची कोळंबी जास्त घेतली, जाळीच्या पिशवीत बांधली आणि कुजून अमोनिया व्हावा म्हणून टँकमधे टाकली. चौथ्या दिवशी झाकण उघडलं की वास यायचा, घरच्यांची बोलणी खाल्ली, पण नवव्या दिवशी अमोनियाच्या टेस्टमधे नळीतलं पाणी पिवळ्याचं गर्द हिरवं (म्हणजे भरपूर अमोनिया) झालं तेव्हा कोळंबी काढली.

टेस्ट किट एपीआयचं वापरते. अमोनियासाठी पाच मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. रंग दिवसाउजेडी बघा, पांढऱ्या कार्डाला नळी टेकवून, रात्री ट्यूबलाइटखाली मी दोनदा चुकीचं वाचलं. आणि नायट्रेटची दुसरी बाटली खरंच तीस सेकंद जोरात हलवायची, नाहीतर खोटा कमी आकडा येतो. सोळाव्या दिवशी नायट्राइट दिसायला लागलं, बाविसाव्याला अमोनिया शून्य, पण नायट्राइट जांभळं ते जांभळंच. रोज सकाळी नळी धरून उभी असायचे. एकोणचाळिसाव्या दिवशी आकाशी रंग आला, म्हणजे नायट्राइट शून्य, तेव्हा मुलाला हाक मारून दाखवला. मधे वाळूवर तपकिरी धूळ पसरली होती, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ), नव्या टँकमधे येतातच, काही औषध टाकू नका, माझ्याकडे तीन आठवड्यांत आपोआप गेले.

तरी मासा आणला नाही. अमोनियम क्लोराइड मिळालं होतं, बॅक्टेरिया पुरेसे झाले का बघायला ते टाकून अमोनिया 2 पीपीएमवर नेला. पहिल्यांदा पूर्ण उतरायला दोन दिवस लागले, पुढच्या खेपेला चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. नायट्रेट 40 होतं, अर्धं पाणी बदललं. असा शेहेचाळिसावा दिवस उजाडला आणि ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी आणली, टँकमधे जन्मलेली, समुद्रातून पकडलेली नाही. आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनची पैदास करून दाखवलेली आहे, त्यामुळे विचारून घ्या, मिळतात.

दुकानातल्या पाण्याचा खारटपणा 27 निघाला, आमचा 35. म्हणून आधी वेगळ्या टबमधे 27 चं पाणी केलं होतं, पिशवी वीस मिनिटं तरंगवली आणि मासे पटकन त्यात घेतले. तास-तास थेंब-थेंब करत बसू नका, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो. टबमधे ठेवलेला स्पंज मी सायकलच्या काळात मोठ्या टँकमधेच भिजत ठेवला होता, त्यामुळे तिथेही अमोनिया चढला नाही. तीन आठवडे अंगावर पांढरे ठिपके (रोगाची खूण) येतात का बघत हळूहळू 35 वर आणलं, मग मोठ्या टँकमधे.

उन्हाळा मात्र जड गेला. एप्रिलमधे पाणी 31 अंशांना गेलं. चिलर टँकपेक्षा महाग, म्हणून पृष्ठभागावर दोन पंखे लावले, 28 पर्यंत उतरलं, पण रोज तीन-चार लिटर पाणी उडायचं. मीठ उडत नाही, त्यामुळे भर साधं आरओ-डीआयचं पाणी घालूनच करायची. एकदा दुपारी लाइट गेली ती साडेचार तास, मी ऑफिसात, दोघंही वर येऊन श्वास घेत होते असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर आहे. पुढच्या मार्चच्या आधी चिलर घेणार.

जोडीतला एक आता स्पष्ट मोठा दिसतो, ती मादी. क्लाउन सगळे नर म्हणूनच वाढतात, मोठा होईल तो मादी होतो. रात्री दोघं डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला, जरा कलती होऊन झोपतात, धाकटा तिच्या पोटाखाली.