निळ्या ब्रोकोलीच्या नावाखाली 3,499 रुपयांची मोहरी

लाज वाटते सांगायला, पण जाहिरात अजून चालू आहे म्हणून लिहिते. "गच्चीवर पिकवा रंगीत ब्रोकोली: निळी, गुलाबी, लाल, जांभळी, पिवळी!" बियाण्यांचं किट 1,299 रुपये. मग 'रंगाचं औषध' 1,850. मग कुरिअर अडकलं म्हणून 350. एकूण 3,499, सगळे यूपीआयवर. हाती आली मोहरी. फोडणीची.

निळी ब्रोकोली असते का कधी, असं हसणाऱ्यांनी जरा थांबा. जांभळी खरंच असते. जांभळा फ्लॉवर मी स्वतः गोकुळपेठच्या बाजारातून आणलाय, उकळला की रंग उतरतो एवढंच. केशरी फ्लॉवरही असतो. मग निळी का नसावी? असं वाटायला काही मूर्खच असावं लागत नाही.

डोकं फिरतं ते त्या औषधापाशी. विकणारा फोनवर म्हणाला, "ताई, रोपाला चार पानं आली की हे टाका, नाही तं हिरवीच निघते." तिथंच फोन आपटायला हवा होता! रंग जातीतच असतो, बाटलीतून येत नाही. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. पण तो माणूस इतका आपल्यातला वाटत होता, "हव ताई, आपल्या नागपूरच्या हवेत मस्त येते" म्हणायचा. शिवाय 1,299 आधीच गेले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून 1,850 भरले. यांचा सगळा धंदा याच हिशोबावर चालतो.

बी बघून तर कुणालाच कळलं नसतं. ब्रोकोली, कोबी, मोहरी एकाच कुळातली. गोल, काळपट, बारीक. उगवल्यावर पहिली दोन पानंही सारखीच, पत्त्यातल्या बदामासारखी. फरक दिसतो तो पुढच्या पानांत. ब्रोकोलीचं पान गुळगुळीत, निळसर, मेणचट असतं, पाणी मारलं की थेंब घरंगळतात. माझ्या कुंड्यांतली पानं खरखरीत, बारीक लव असलेली, हिरवीगार. 'निळी' काय नि 'गुलाबी' काय, पाचही कुंड्यांत तेच! डिसेंबरात गड्डा धरायच्या वेळेला पिवळी फुलं आली. फोटो पाठवला तर म्हणे, "औषध कमी पडलं, अजून एक बाटली घ्या." त्यानंतर नंबर ब्लॉक.

पाकिटावर जात, लॉट नंबर, उगवणक्षमता, चाचणीची तारीख छापलेली नसेल तर पैसे देऊच नका. माझ्या पाकिटांवर नुसता रंगीत स्टिकर होता.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "रक्कम लहान आहे, ऑनलाइन तक्रार टाका." टाकली. तक्रार क्रमांक आला, माणूस कुणी आला नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. कृषी खात्याच्या कार्यालयात आधी जेवणाची सुट्टी, मग "पक्कं बिल आणा, लेबल आणा, आणि हे गच्चीवरच्या कुंड्यांचं आमच्याकडे येत नाही." अहो, बिल देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? शेवटी एका बाबूनं विचारलं, "मॅडम, ब्रोकोली बाजारात मिळते ना?" त्या टेबलापाशी मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. चोर एक, आणि त्याला सांभाळून घेणारे चार.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; मी केला तो नंबर ब्लॉक झाल्यावर आठवड्यानं, तोवर खातं रिकामं झालं होतं. चॅट डिलीट करू नका. आणि जांभळ्या ब्रोकोलीच्या जुन्या विलायती जाती अख्खा हिवाळा थंडीत काढल्यावर कोंब धरतात. "नागपूरच्या उन्हात बारमाही" म्हणणारा खोटं बोलतोय. साधी हिरवी लावायची तर ऑक्टोबरात, ओळखीच्या नर्सरीतून रोपं आणून.

परवा वहिनीच्या मोबाइलवर तोच फोटो आला. कंपनीचं नाव नवीन, किंमत 999. दिसली तर रिपोर्ट मारा.